रात्री दहानंतरचा स्टुडिओ : घरच्या इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी हेडफोन कसे निवडायचे

नवरात्र जवळ आलं की बडोद्यात दरवर्षी तीच चर्चा सुरू होते : लाउडस्पीकर किती वाजेपर्यंत चालणार? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ ठरवली आहे आणि रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सणावारी, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, राज्य सरकार लाउडस्पीकरची मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. पण ती सवलत मैदानावरच्या कार्यक्रमांसाठी. ज्या खोल्यांमध्ये त्या मैदानांचे ट्रॅक तयार होतात, त्यांना कसलीच सवलत नाही. दांडिया बाजारातला जुना वाडा असो की मांजलपूरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, इलेक्ट्रॉनिक गरब्याचं किंवा गणपतीच्या रिमिक्सचं काम नोकरी-कॉलेज आटपून रात्रीच होतं, आणि तेव्हा पलीकडे घरचे झोपलेले असतात. स्पीकर लावायची सोय नाही. म्हणून हेडफोन.

आणि हेडफोन घ्यायला निघालं की गोंधळ सुरू. प्रत्येक खोक्यावर 'स्टुडिओ' लिहिलेलं, कुठे ३२ ओहम, कुठे २५० ओहम, कुणी म्हणतं ओपन-बॅकच घे, कुणी म्हणतं हेडफोनवर मिक्स, म्हणजे ट्रॅकमधले सगळे आवाज एकमेकांशी जुळवायचं काम, होतच नाही. खरं तर दोन प्रश्न आधी विचारले तर बरीचशी नावं आपोआप गळतात : तुमची खोली कशी आहे, आणि हेडफोनची पिन कशात जाणार आहे? उरलेल्यांतून एक जोडी घ्यायची आणि ती पाठ होईपर्यंत बदलायची नाही.

## गाणी ऐकायचे हेडफोन कामाला का चालत नाहीत?

बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या हेडफोनमध्ये बास मुद्दाम वाढवलेला असतो. ऐकायला मजा येते, त्यात गैर काही नाही. पण काम करताना हाच बास उलटा अंगावर येतो. समजा हेडफोनने ६० हर्ट्झला ६ डेसिबल पदरचे घातले. तुम्हाला किक, म्हणजे ड्रमचा तळाचा ठोका, भरपूर वाटते, म्हणून तुम्ही फेडर, म्हणजे तिच्या आवाजाची सरकपट्टी, खाली ओढता. तोच ट्रॅक मैदानावरच्या सिस्टीमवर वाजला की किक पोकळ निघते आणि वरच्या टाळ्या-झांजा टोचायला लागतात. कानाला जे जास्त ऐकू येतं, ते हात कमी करतो. हेडफोनची प्रत्येक चूक ट्रॅकमध्ये उलटी होऊन उतरते.

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या किकचा पाया साधारण ४५ ते ६० हर्ट्झमध्ये असतो, सब-बास ३० ते ६० मध्ये, आणि ढोलाचा घुमारा त्याच्या जरा वर. म्हणजे आपला सगळा संसार तळाच्या दोन-तीन सप्तकांत, आणि स्वस्त हेडफोन सर्वांत जास्त चुका करतात त्या नेमक्या तिथेच.

कुठल्या हर्ट्झला हेडफोन किती मोठा वाजतो, याच्या आलेखाला फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. खोक्यावर '५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ' असं लिहिलेलं असतं, पण त्या टोकांना आवाज किती डेसिबलने पडलेला आहे हे त्यात नसतं. त्यामुळे निवडीसाठी तो आकडा निरुपयोगी. आलेख बघा.

तो आलेख बघताना एक गोष्ट चक्रावून टाकते : चांगल्या हेडफोनची रेषाही सरळ नसते, ३ किलोहर्ट्झच्या आसपास तिला टेकडी असते. ती चूक नव्हे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आहे आणि एका बाजूला बंद आहे. अशी नळी ३ ते साडेतीन किलोहर्ट्झला स्वतःच घुमते. शिवाय बाहेरचा आवाज कानाच्या पाळीवर, खांद्यांवर आपटून आत येतो. मेंदूला या टेकडीची जन्मापासून सवय असते. हेडफोनने ती दिली नाही तर आवाज मेलेला वाटतो. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३ पासून अनेक श्रोत्यांवर चाचण्या घेऊन एक रेषा सुचवली : चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखं हेडफोनवर ऐकू यावं, तर आलेख कसा असावा. आज बहुतेक परीक्षणांत दिसणारी 'टार्गेट'ची रेषा हीच, किंवा तिचीच बहीण.

तिला तंतोतंत चिकटून जाणारी जोडी मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पासंग असलेल्या तराजूवरही बिनचूक वजन करता येतं, फक्त पासंग किती आणि कुठल्या पारड्याला, हे ठाऊक हवं. हेडफोनचंही तसंच. एखाद्या अरुंद पट्ट्यात एकदम १० डेसिबलचा खड्डा असेल तर ती जोडी नको. हळूहळू दोन-तीन डेसिबल वर-खाली होणारी रेषा असेल तर ती पाठ करता येते.

## 'स्पीकरशिवाय मिक्स होतच नाही' याचं काय?

हे म्हणणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो बहुधा भिंतींवर आवाज शोषण्यासाठी नीट उपचार केलेल्या खोलीतला असतो. आपल्याकडची खोली १० बाय १२ फुटांची, भिंती विटांच्या, खाली लादी. अशा खोलीत बासचं काय होतं, ते एकदा गणित करून बघा.

आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लहर नेमकी बसली की ती फ्रीक्वेन्सी खोलीत अडकून घुमते. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. ३४३ भागिले ६.१ म्हणजे ५६ हर्ट्झ. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्याचे ४७ हर्ट्झ. छतही १० फुटांवर असेल तर ५६ हर्ट्झ दोन दिशांनी घुमणार. म्हणजे तुमच्या किकची फ्रीक्वेन्सी आणि तुमच्या खोलीची फ्रीक्वेन्सी एकच. अशा खोलीच्या मधोमध बसलात तर ५६ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो, खुर्ची मागे भिंतीला टेकवली तर तोच दुप्पट जोराने येतो. एकाच ट्रॅकची किक खुर्ची हलवल्यावर बदलत असेल, तर त्या खोलीत किकबद्दल कुठलाच निर्णय खात्रीने घेता येत नाही. बास शोषून घेणारे सापळे बसवून हे सुधारतं, पण ते जाड, महाग आणि भाड्याच्या घरात अवघड असतात. शिवाय पाच इंची वूफरचे बरेचसे छोटे स्पीकर ५० हर्ट्झच्या खाली झपाट्याने पडतात.

हेडफोनच्या वाटेत खोलीच येत नाही. आजही तोच बास, उद्याही तोच. म्हणून उपचार नसलेल्या छोट्या खोलीत तळाच्या दोन सप्तकांसाठी चांगला हेडफोन हा स्पीकरपेक्षा जास्त भरवशाचा, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

त्याच्या उणिवाही तितक्याच ठाम आहेत. छातीवर आदळणारा बास हेडफोन देऊ शकत नाही. त्यामुळे तो 'कमी' वाटून वाढवत नेण्याचा मोह होतो. दुसरी उणीव डाव्या-उजव्याची. स्पीकरचा डावा आवाज उजव्या कानालाही पोचतो, फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मंद होऊन. हेडफोनवर तो पोचतच नाही. त्यामुळे पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे नेलेल्या (पॅन केलेल्या) टिपऱ्या कानाच्या भोकात वाजल्यासारख्या वाटतात आणि मधला आवाज डोक्याच्या आत. तिसरी गोष्ट रिव्हर्बची, म्हणजे आवाजाला दिलेल्या कृत्रिम घुमाऱ्याची : खोलीची स्वतःची घुम मध्ये नसल्यामुळे हेडफोनवर थोडा रिव्हर्बही ठळक ऐकू येतो, आपण हात आखडता घेतो, आणि स्पीकरवर ट्रॅक कोरडा निघतो. डावं-उजवं थोडं मिसळून देणारे क्रॉसफीडचे प्लग-इन मिळतात, त्यांनी पॅनिंगचे निर्णय सुधारतात. बास ठरवताना मात्र ते बंद ठेवा.

## ओपन-बॅक की क्लोज्ड-बॅक?

कानावरच्या वाटीची मागची बाजू जाळीची असेल तर ओपन-बॅक, बंद असेल तर क्लोज्ड-बॅक. ओपनमध्ये आवाज काढणाऱ्या पडद्यामागची हवा मोकळी सुटते. आतल्या आत आपटून येणारे आवाज नसल्यामुळे ध्वनी स्वच्छ, मोकळा वाटतो आणि कान कमी थकतात. पुस्तकी उत्तर त्यामुळे ठरलेलं असतं : मिक्सिंगला ओपन, रेकॉर्डिंगला क्लोज्ड.

बडोद्याच्या घरात हे उत्तर पंख्याशी अडतं. होळीनंतर दिवाळीपर्यंत छताचा पंखा फिरतच असतो, आणि त्याची सततची सळसळ ओपन-बॅकमधून जशीच्या तशी कानात येते. रिव्हर्बची शेपटी, हाय-हॅटचा (ड्रममधल्या झांजांचा) हलका स्पर्श, दोन सुरांमधली शांतता हे सगळं त्याखाली बुडतं. मग माणूस आवाज वाढवतो आणि तासाभरात कान दमतात. दुसरीकडे, ओपनचा आवाज बाहेरही सांडतो : त्याच खोलीत आजी झोपली असेल तर तिला हाय-हॅट ऐकू जाणारच. आणि मायक्रोफोनवर गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर मेट्रोनोमची टिकटिक माइकमध्ये शिरते. नंतर ती काढता येत नाही.

म्हणून एकच जोडी घ्यायची असेल आणि खोली सामायिक असेल, तर क्लोज्ड. स्वतंत्र, शांत खोली असेल, एसी असेल आणि गायन रेकॉर्ड करायचं नसेल, तर ओपन. सेमी-ओपन नावाचा मधला प्रकार पंख्यापासूनही वाचवत नाही आणि शेजारच्यालाही ऐकू जातो. तो इथे सुचवावासा वाटत नाही.

क्लोज्डची एक अट मात्र कडक आहे : पॅड कानाभोवती हवाबंद बसला पाहिजे. जराशी फट राहिली तर बास गळतो. चष्म्याची काडी ही फट हमखास पाडते, कानामागचे दाट केस किंवा मोठं कानातलंही. तपासायला सोपं आहे. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ४० हर्ट्झचा साधा साइन सूर (एकाच फ्रीक्वेन्सीचा शुद्ध आवाज) लावा, हेडफोन घाला, आणि दोन्ही वाट्या तळहातांनी अलगद डोक्याकडे दाबा. आवाज तेवढाच राहिला तर बसवणी ठीक. दाबल्यावर बास एकदम उसळला, तर रोज काम करताना तेवढा बास तुम्ही गमावत होता. चष्मा असणाऱ्यांनी बारीक, सपाट काडीची फ्रेम कामासाठी वेगळी ठेवावी किंवा मऊ आणि जाड पॅड असलेलं मॉडेल घ्यावं. ओपन-बॅकमध्ये हा फरक बराच कमी पडतो.

## ओहमचं कोडं

लोक सर्वांत जास्त घाबरतात ते इथे. दोनच गोष्टी समजून घ्यायच्या. इम्पीडन्स म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो, ते ओहममध्ये मोजतात. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर तो किती मोठा वाजतो. ती काही कंपन्या १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला, आणि हे दोन आकडे थेट एकमेकांशी ताडायचे नसतात.

लॅपटॉपचं किंवा फोनचं सॉकेट चांगलं असेल तर साधारण १ व्होल्ट देतं. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घ्या. त्याची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला ९६ डेसिबल. वॉट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. ८० ओहमच्या आवृत्तीला १ व्होल्टमध्ये १२.५ मिलिवॅट मिळतात, म्हणजे ११ डेसिबलची भर, एकूण १०७. २५० ओहमच्या आवृत्तीला त्याच सॉकेटमधून ४ मिलिवॅट, म्हणजे ६ डेसिबलची भर, एकूण १०२. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आणि ९९ डेसिबलचा. त्याच १ व्होल्टला तो ११३ च्या आसपास जातो.

१०२ खूपच झाले की, असं वाटेल. पण हे आकडे सर्वांत मोठ्या क्षणाचे आहेत. मिक्स करताना सरासरी पातळी शिखरापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली असते, आणि मास्टर न केलेल्या, म्हणजे शेवटचा हात फिरवून पातळी न वाढवलेल्या, ट्रॅकमध्ये आणखी ६ ते १० डेसिबल मोकळे सोडलेले असतात. २५० ओहमचा हेडफोन अशक्त सॉकेटला लावला की नॉब शेवटपर्यंत फिरवूनही हवा तेवढा आवाज येत नाही, आणि काही सॉकेटं त्या टोकाला फाटायला लागतात.

'जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला' हा समज सोडून द्या. मोठ्या ओहमचे हेडफोन मोठ्या स्टुडिओंतल्या जास्त व्होल्टच्या उपकरणांसाठी होते. 'कमी ओहम म्हणजे सोपा' हेही नेहमी खरं नाही : एकेजीचा के७०२ फक्त ६२ ओहमचा, पण १ व्होल्टला १०५ डेसिबल, म्हणजे ८० ओहमच्या डीटी ७७० पेक्षाही कमी. ओहम आणि सेन्सिटिव्हिटी दोन्ही बघितल्याशिवाय उत्तर निघत नाही.

आता सॉकेटची बाजू. प्रत्येक सॉकेटला स्वतःचाही ओहम असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा. कारण असं : बऱ्याच हेडफोनचा ओहम सगळीकडे सारखा नसतो, बासजवळ तो चढतो. समजा एक हेडफोन ३२ ओहमचा आहे आणि ९० हर्ट्झला तो ६४ होतो. सॉकेट ३२ ओहमचं असेल तर ९० हर्ट्झचा आवाज बाकीच्यापेक्षा अडीच डेसिबलने वाढतो. तेच सॉकेट ४ ओहमचं असेल तर फरक जेमतेम अर्धा डेसिबल. म्हणजे एकच हेडफोन मित्राकडे बासदार आणि तुमच्याकडे सडसडीत वाजतो, तेव्हा दोघांचेही कान बरोबर असू शकतात. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-हेडफोन जोडायचा यूएसबीचा डबा, घेताना त्याच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधा. काही स्वस्त डब्यांत तो ३०-४० ओहमपर्यंत असतो. अशा डब्याला ३२ ओहमचा हेडफोन लावू नका, त्याला ८० ते २५० ओहमचा बरा.

थोडक्यात : थेट लॅपटॉपला लावायचा असेल तर ३२ ते ८० ओहम. बऱ्यापैकी इंटरफेस असेल तर २५०-३०० पर्यंत चालतं, पण आधी त्याच डब्यावर वाजवून बघा.

## 'माझे वायरलेस इतके महाग आहेत, तेच वापरले तर?'

तयार ट्रॅक फिरताना ऐकायला जरूर वापरा. काम करायला नको, आणि कारण आवाजाच्या दर्जाच्या आधी वेळेचं आहे.

ब्लूटूथवर आवाज आधी आवळला जातो, पाठवला जातो, साठवला जातो, मग उलगडतो. नेहमीच्या कोडेकमध्ये (आवळण्या-उलगडण्याच्या पद्धतीत) यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. आता १२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग १२५ चा. तुम्ही पॅडवर बोट मारलं आणि आवाज २०० मिलिसेकंदांनी आला, तर तो एका चौथ्या भागाच्याही पुढे गेला. हींचसारख्या सहा मात्रांच्या चालीत, जिथे ठेका जरा मागे-पुढे झाला तरी गरबा अडखळतो, तिथे असं वाजवणं शक्यच नाही. तारेच्या हेडफोनवर, इंटरफेसचा बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवायची जागा, २५६ सॅम्पलचा आणि सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असेल, तर बफरचा उशीर ५.३ मिलिसेकंद. येण्या-जाण्याचा सगळा हिशोब धरला तरी बोटांना तो जाणवत नाही.

वायरलेस हेडफोनचा माइक चालू झाला तर आणखी एक घोटाळा होतो. संगणक त्याला फोनवर बोलण्याच्या पद्धतीत टाकतो, आवाज मोनो होतो आणि वरच्या पट्टीचा बराचसा भाग कापला जातो. 'अचानक आवाज बिघडला' अशी तक्रार असेल तर आधी सेटिंगमध्ये इनपुट म्हणून तोच हेडफोन निवडलेला नाही ना, ते बघा.

'मग त्यालाच तार लावतो' हाही उपाय अपुरा. बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या हेडफोनमध्ये आवाज आतल्या चिपमधून घडून येतो. तार लावून चालू ठेवला तर ती घडण तशीच राहते, बंद केला तर अनेक मॉडेलचा आवाज पार वेगळा निघतो. दोन चेहऱ्यांची जोडी पाठ कशी करणार?

## मग बघायचे कोणते?

क्लोज्डमध्ये सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून स्टुडिओंमध्ये टिकून आहे. ६३ ओहम, हलका, बारीक दोष उघडे पाडणारा, वरची पट्टी तिखट. त्याची गुंडाळीची तार कायमची जोडलेली असते आणि पॅडचं कातडं सोलून निघतं. एटीएच-एम४०एक्स ३५ ओहमचा, एम५०एक्सपेक्षा बास आवरलेला, तार काढता येते. थेट लॅपटॉपवर काम करणाऱ्याने सुरुवात इथून करावी. एम५०एक्सचा बास थोडा पुढे असतो, हे लक्षात ठेवूनच तो घ्यावा. डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा : मखमली पॅड, चष्म्याबरोबर इतरांपेक्षा सुसह्य, खालपर्यंत भरपूर बास, पण ८ किलोहर्ट्झच्या आसपास वर चढलेला. त्यावर काम करणाऱ्यांचे हाय-हॅट हमखास दबलेले निघतात.

ओपनमध्ये सेनहायझरचा एचडी ५६०एस, १२० ओहमचा, आपल्या कामाला जास्त जुळतो, कारण तो खाली बराच दूर जातो. त्याच कंपनीचा ३०० ओहमचा एचडी ६०० माणसाच्या आवाजासाठी, वाद्यांसाठी अप्रतिम आणि त्याची कीर्ती सार्थ आहे. पण ६० हर्ट्झच्या खाली तो ओसरत जातो. ४० हर्ट्झच्या सबवर रात्रभर काम करायचं असेल तर तो एकटा पुरणार नाही.

लोकप्रिय मॉडेलच्या हुबेहूब नकला बाजारात असतात. पक्कं बिल, वॉरंटी आणि सिरियल नंबर जुळत नसेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

## दुकानात दहा मिनिटांत काय तपासायचं

फोनवर दर्जा न घटवलेल्या, डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी फाइली न्या : तुम्हाला पाठ असलेले तीन ट्रॅक, आणि सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले साइन सूर, सगळे सारख्याच पातळीचे. २७.५, ४१, ५५, ८२ आणि ११० हर्ट्झ पुरेत. मोनो पिंक नॉइजची, म्हणजे सगळ्या फ्रीक्वेन्सी मिसळलेल्या एकसंध खरखरीची, एक फाइल आणि २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा एक सूरही घ्या.

साइन सूर वरून खाली वाजवा. खालचे सूर हळू वाटणारच, तो कानाचा धर्म आहे : फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो. तुम्ही शोधायचं ते वेगळं : उतार एकसारखा आहे की मध्येच एखादा सूर गायब होतो, आणि ४१ हर्ट्झला वाटी खडखडते का. मग चढता सूर : तो डोक्याच्या मधोमध राहिला पाहिजे. एखाद्या टप्प्यावर डावीकडे किंवा उजवीकडे सरकला, तर दोन पडदे जुळलेले नाहीत. पिंक नॉइजही मध्यभागीच ऐकू यायला हवा.

एक ट्रॅक तबल्याचा असावा. तबला बडोद्यात समोर बसून ऐकायला मिळतो. १८८६ मध्ये संगीतज्ञ मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा म्हणून सुरू झालेली परंपरा आज सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत चालू आहे. बायाँची मींड आणि चाटीचा काठ खरा कसा वाजतो हे कानात असेल, तर हेडफोन कुठे खोटं बोलतो ते लगेच कळतं. सिंथच्या आवाजाला मूळ असं काही नसतं, त्यामुळे त्यावरून हे कळत नाही.

शेवटी तो डोक्यावर ठेवून दुकानात दहा मिनिटं तसेच बसा. कानाच्या वरच्या टोकाला किंवा टाळूवर आत्ताच दुखत असेल, तर दोन तासांनी काय होईल ते उघड आहे.

## घरी आणल्यावर

पहिले पंधरा दिवस नवं काही करू नका, आपल्या शैलीतले चांगले मास्टर केलेले दहा-बारा ट्रॅक त्यावर ऐका. काम करताना त्यांतले दोन प्रोजेक्टमध्ये ठेवा, पण ६ ते १० डेसिबल खाली ओढून. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, त्यामुळे पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना फसवते.

हेडफोनचा आलेख सुधारणारी सॉफ्टवेअर आहेत. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं आणि ऑटोईक्यू प्रकल्पात हजारो मॉडेलच्या तयार सेटिंग आहेत. इथे तीन ठिकाणी ठेच हमखास लागते. एक, बास ६ डेसिबलने वाढवला तर आधी प्री-गेन, म्हणजे त्यातली एकूण पातळी, तेवढाच खाली न्या, नाहीतर आवाज फाटतो. दोन, इक्वलायझर एपीओ विंडोजच्या ध्वनिमार्गात बसतं. तुमचं संगीताचं सॉफ्टवेअर एएसआयओ ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजचा ध्वनिमार्ग टाळून थेट इंटरफेसशी बोलणाऱ्या मार्गावर, चालत असेल तर इक्वलायझर वगळला जातो आणि तुम्हाला वाटत राहतं की सुधारणा चालू आहे. तीन, सुधारणा प्लग-इन म्हणून मास्टरवर लावली असेल तर एक्सपोर्टच्या आधी बंद करा. ती फाइलमध्ये गेली की ट्रॅक फक्त तुमच्याच हेडफोनवर बरा वाजतो.

आवाजाची एक पातळी ठरवा : समोरच्या माणसाच्या साध्या बोलण्यापेक्षा किंचित मोठी. नॉबवर त्या जागी मार्करने खूण करा. रोज त्याच खुणेवर काम केलंत तरच बासचे निर्णय एकमेकांशी जुळतील. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांच्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. दोन लांब रात्रींमध्ये आठवड्याचा सगळा वाटा संपू शकतो. काम थांबल्यावर कानात शिटी वाजत असेल तर त्या रात्री पुन्हा हेडफोन घालू नका. हे असं वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही आणि या कामात दुसरं भांडवल नसतं.

ट्रॅक पुरा झाला की मास्टर मोनो करून ऐका. मोठ्या मैदानांवर सब, म्हणजे फक्त बासचे मोठे स्पीकर, बहुतेक वेळा मोनोच चालतात. स्टिरिओत रुंद केलेला बास मोनोत स्वतःलाच खोडून नाहीसा झाला, तर १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मध्यभागी आणा. नंतर फोनच्या स्पीकरवर आणि गाडीत एकदा ऐका आणि काय खटकलं ते लिहून ठेवा. चार-पाच ट्रॅकमध्ये तीच तक्रार परत आली, की हेडफोनचा कल सापडला.

पॅड झिजतात, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात, चाळिशी पार केलेल्या तापमानात, घामाने लवकर झिजतात. कृत्रिम कातडं कडक होतं, सोलतं, फोम बसतो, आणि वर सांगितलेली फट पडून बास गळू लागतो. हे इतकं हळू होतं की कळत नाही. तो ४० हर्ट्झचा दाबून बघायचा प्रयोग दर दोन-तीन महिन्यांनी करा. काम झाल्यावर पॅड कोरड्या सुती फडक्याने पुसा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, त्याने कातडं तडकतं. बदलताना कंपनीचेच पॅड घ्या. जाडी, भोकांची रचना, कापड बदललं की पडदा आणि कान यांतलं अंतर बदलतं आणि आवाजही. नवे पॅड बसवल्यावर तेच दहा-बारा ट्रॅक पुन्हा एकदा ऐकून मगच अर्धवट राहिलेलं मिक्स उघडा.